जुनी बेस गिटार शाळेनें घ्यावी काय?

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हांपासून आमच्या संगीतमंडळापुढें एक प्रश्न पडून आहे, आणि तो वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. येथें नायगांवांतच राहणाऱ्या एका वृद्ध वादकांनीं आपली बेस गिटार शाळेस विकत देऊं केली आहे. ती अमेरिकेंत १९७८ सालीं तयार झालेली, फेंडर कंपनीची, प्रिसिजन या नांवाची आहे. लग्नाच्या मेजवान्यांत, हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि क्वचित् सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांतहि त्यांनीं ती तीस वर्षें वाजविली. आतां संधिवातानें बोटें वळत नाहींत. त्यांची मागणी दीड लाख रुपयांची आहे. मंडळाच्या खात्यांत दोन आनंदबाजारांचें उत्पन्न व माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या मिळून जेमतेम तेवढीच रक्कम शिल्लक आहे. म्हणजे गिटार घेतली तर खातें रिकामें होतें. न घेतली तर अशी वस्तु पुनः आपल्या दाराशीं चालून येईल असें दिसत नाहीं.

मंडळांत यावरून दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, दुसऱ्यानें वापरून सोडलेल्या वस्तूस एवढे पैसे मोजणें हा शुद्ध वेडेपणा. त्या पैशांत सहा कोरीं वाद्यें येतील. दुसरा पक्ष त्या कंपनीचें नांव ऐकतांच हात जोडतो व विचार करण्याचें थांबवितो. आम्हांस दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच पटतें. हा अंक छापखान्यांत जातेवेळीं मंडळाची शेवटची बैठक व्हावयाची आहे. तत्पूर्वीं आमचें मत वाचकांपुढें, विशेषतः ज्यांच्या खिशांतून हे पैसे आले त्या पालकांपुढें, ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

ज्यांना या वाद्याची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं आधीं थोडें सांगितलें पाहिजे. बेस गिटार ही नेहमींच्या गिटारीची थोरली बहीण. तिला चारच तारा. पण त्या जाड असून तारेची बोलती लांबी चौतीस इंच असते. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां ती सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. तंबोऱ्याची चौथी तार, जिला आपण खर्ज म्हणतों, तिच्याशीं हिचें जवळचें नातें आहे. मात्र तंबोऱ्याचा खर्ज एका जागीं बसून राहतो, आणि हिचा खर्ज गाण्याबरोबर पावलें टाकीत चालतो. सभागृहाच्या शेवटच्या रांगेंतील पालकांस ती ऐकूं येते असें त्यांना स्वतःला वाटतहि नाहीं. परंतु ती थांबली कीं गाणें पोकळ झालें हें त्यांना तत्काळ कळतें. गेल्या स्नेहसंमेलनांत हें काम की-बोर्ड वाजविणाऱ्या मुलीच्या डाव्या हातावर सोंपविलें होतें. लालबाग-परळच्या बँजो पार्ट्यांतहि बहुधा असेंच चालतें. उजवा हात चाल वाजवितो, डावा हात खर्ज धरतो, आणि दोघांपैकीं एकाची कुचंबणा होते. आमच्या मुलीची झाली.

हें वाद्य वयानें फार मोठें नाहीं. पूर्वीं वाद्यवृंदांत खर्जासाठीं डबल बेस असे, माणसाहूनहि उंच, व्हायोलिनच्या घाटाचा. तो बसमधून नेणें म्हणजे एक पाहुणा नेण्यासारखें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं पॉल टटमार्क यांनीं विजेवर चालणारा, आडवा धरण्याचा बेस करून पाहिला. पण तो लोकांत रुजला नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं जी बेस गिटार बाजारांत आणिली तिनें सगळें चित्र पालटलें. डबल बेसच्या मानेवर पडदे नसतात, सूर कानानेंच शोधावा लागतो. फेंडर यांनीं सतारीप्रमाणें पडदे बसविले, त्यामुळें बोट ठेवतांच सूर नेमका लागूं लागला, आणि म्हणूनच तिला नेमकेपणाचें नांव दिलें. हे फेंडर मुळांत रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते व त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती, ही गोष्ट आमच्या कार्यशाळेंत रमणाऱ्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मुंबईस हें वाद्य परकें राहिलें नाहीं. गोव्याच्या गांवोगांवीं चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपि वाचावयास शिकवीत. तीं मुलें मोठेपणीं मुंबईस आलीं आणि येथील सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा बनलीं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा हीं नांवें जाणकारांस ठाऊक आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील बेस गिटार टोनी वाझ वाजवीत. आमचे पालक ज्या गाण्यांना आपल्या तारुण्याचीं गाणीं म्हणतात त्यांतील कित्येकांचा पाया या चार तारांवर उभा आहे. तरीहि, परदेशी वाद्यावर मराठी शाळकरी मुलांचा पैसा कां उधळावा, असा आक्षेप एका सन्मान्य सभासदांनीं घेतलाच. त्यांना आम्ही इतकेंच विचारतों कीं, ज्या पेटीवर आपण रेव्हरंड टिळकांचीं भजनें म्हणतों ती पेटी कोठली? हार्मोनियमचें मूळ एकोणिसाव्या शतकांतील पॅरिसमध्यें आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दारांबाहेर काढलें, पुढें कित्येक वर्षांनीं ती बंदी सैल झाली. पण त्या सर्व काळांत ना देवळानें ती सोडली, ना चर्चनें, ना भजनी मंडळानें.

आतां जुनेपणाचा मुद्दा. वाद्याचें जुनेपण आपल्याकडे कमीपणाचें कधींच नव्हतें. मिरजेस फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून, म्हणजे गेल्या दीडशेंहून अधिक वर्षें, तंबोरे व सतारी बनत आल्या आहेत. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथील कारागीर पंढरपुराच्या बाजूचे भोपळे आणून सावकाश वाळवितात, आणि चांगला वाळलेला, चांगला वाजलेला जुना तंबोरा गवयी सहसा हातचा सोडीत नाहींत. आमच्यांतील जुन्याचे भक्त हाच दाखला देतात. पण तो येथें जसाचा तसा लागू करणें चुकीचें होईल. तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यांत व लाकडांत घुमतो. या गिटारीचें धड भरीव असतें, आणि तारेचें कंपन लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें यांच्या साहाय्यानें विजेच्या रूपानें ध्वनिवर्धकाकडे जातें. तेव्हां लाकडाच्या वयानें सूर किती गोड होतो यावर वाद घालण्यांत आम्ही वेळ दवडणार नाहीं. जुन्या लाकडाचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. मान जितकी वांकावयाची तितकी वांकून झालेली असते, आणि ती कितपत वांकली हें डोळ्यांना दिसतें. कोऱ्या गिटारीबाबत तें कळावयास मुंबईचे दोन पावसाळे जावे लागतात.

म्हणूनच आम्ही ती पाहण्यास भर श्रावणांत गेलों. उन्हाळ्यांत प्रत्येक मान सरळ असल्याचें सोंग आणूं शकते. ऑगस्टमधील दमट हवेंत सोंग टिकत नाहीं. बरोबर वाद्यें दुरुस्त करणारे एक कारागीर होते. त्यांनीं कंपनीच्या नांवाकडे पाहिलेंहि नाहीं. जाड तार पहिल्या पडद्यावर एका हातानें व मान जेथें धडास मिळते तेथें दुसऱ्या हातानें दाबून धरली, आणि मधोमध तार व पडदा यांच्यांत किती फट राहते तें पाहिलें. भेटपत्रिकेचा कागद जाईल एवढीच फट होती. हें शुभलक्षण. मानेच्या पोटांत एक पोलादी सळई असते. तारांच्या ओढीनें मान पुढें झुकूं लागली कीं सळईचें टोंक किल्लीनें आवळून तिला मागें खेचतां येतें. कित्येक जुन्या गिटारींत हें टोंक आधींच शेवटपर्यंत आवळलेलें असतें, म्हणजे औषध संपलेलें असतें आणि रोग्यास पुढें उपाय नसतो. विकणारा हें कधीं सांगत नाहीं, कारण बहुधा त्यालाहि तें ठाऊक नसतें. येथें मात्र किल्ली अजून बऱ्यापैकीं फिरत होती. कारागिरांनीं ती पाव फेरा फिरवून पुन्हां होती तेथें आणून ठेवली व प्रथमच हंसले.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून पाहिला. बारीक तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास सूर किंचित् लवकर विझतो. या घाटाच्या गिटारींत हा दोष पुष्कळदां आढळतो, व दोन बोटें सरकवून तोच सूर दुसऱ्या तारेवर घेतां येतो. पहिले चार पडदे झिजले आहेत; दोनेक वर्षांनीं बदलावे लागतील, आणि तो खर्च आजच किंमतींत धरला पाहिजे. आवाजाचीं बटणें फिरवितांना खरखर होते, ती धुळीची व खाऱ्या वाऱ्याची. साफ केल्यानें जाईल. शेवटीं मालकांची परवानगी घेऊन मानेचे चार स्क्रू काढले. हें धारिष्ट वाटेल, पण आवश्यक आहे. बाजारांत मान एका गिटारीची व धड दुसरीचें असा संसार पुष्कळदां खपविला जातो, आणि मानेच्या बुडाशीं मारलेला शिक्का ती बनल्याचा काळ सांगतो. शिक्का व सांगितलेलें साल जुळलें. मात्र लोहचुंबकावरील वेटोळें एकदां नव्यानें गुंडाळलेलें असून बटणेंहि मूळचीं नाहींत. संग्राहकाच्या लेखीं यामुळें वस्तूचें मोल उतरतें. आम्हांस संग्रहालय काढावयाचें नसल्यानें या बाबतींत आमचा फायदाच आहे.

वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे. ही गिटार जवळजवळ साडेचार किलोची आहे. आठवीच्या मुलाच्या खांद्यावर ती तासभर टांगणें बरें नव्हे. रुंद पट्टा लागेल, आणि सरावास बसूनच वाजवावी लागेल.

कागदपत्रांविषयींहि आम्ही चौकशी केली, व तशी ती प्रत्येकानें करावी. मौल्यवान वाद्यांना पाय फुटतात. जाको पास्टोरियस या विख्यात वादकाची १९६२ सालची बेस गिटार १९८६ सालीं चोरीस गेली, ती त्याच्या हयातींत परत मिळाली नाहीं. १९८७ सालीं तो वारला, आणि गिटार सुमारें वीस वर्षांनीं उजेडांत आली. आमच्या या वृद्ध गृहस्थांपाशीं खरेदीची पावती आहे आणि निरनिराळ्या वर्षांचीं छायाचित्रें आहेत, त्यांत गिटार तीच व डोक्यावरचे केस उत्तरोत्तर कमी. याहून चांगला दाखला कोणता असूं शकेल?

येथवर वाचून आम्ही घेण्याच्या बाजूचे आहों असें वाटेल. पण जे स्वस्त वाद्याचा आग्रह धरतात त्यांच्या बाजूनेंहि एक भारी साक्षीदार आहे. बीटल्स या मंडळींतील पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ सालीं जर्मनींतील हँबुर्ग शहरीं बेस गिटार घेतली तेव्हां फेंडरची किंमत सुमारें शंभर पौंड होती. ती त्यांना परवडेना. म्हणून त्यांनीं तीसेक पौंडांची हॉफ्नर घेतली. ते डावखुरे, आणि व्हायोलिनच्या घाटाची ती गिटार उलटी धरली तरी विद्रूप दिसत नसे, हेंहि एक कारण. त्याच स्वस्त गिटारीवर त्यांनीं जगास वेड लावलें. १९७२ सालीं ती लंडनमध्यें गाडींतून चोरीस गेली, आणि पन्नासाहून अधिक वर्षांनीं सांपडून परत त्यांच्या हातीं आली, ती बातमी २०२४ च्या फेब्रुवारींत जगभर छापली गेली. तीस पौंडांच्या लाकडास हें मोल हातांमुळें आलें. तेव्हां महाग वाद्यावांचून मुलें शिकणार नाहींत असें जो म्हणेल त्यास आम्ही हें उदाहरण दाखवूं. उलट, ज्याच्या तारा पडद्यांपासून बोटभर उंच आहेत अशा भिकार वाद्यानें किती मुलांचीं बोटें सोलून त्यांना पहिल्याच महिन्यांत घरीं बसविलें, हेंहि आम्हीं याच शाळेंत पाहिलें आहे. बरें, साधें वाद्य वीस-पंचवीस हजारांत कोरें मिळतें. तें भिकार नसतें. म्हणजे किंमतीच्या वादानें हा प्रश्न सुटत नाहीं.

तो सुटेल तर त्या वृद्ध वादकांनीं आम्हांस जो एकच प्रश्न विचारला त्यानें. सारी तपासणी होईपर्यंत ते खिडकीशीं मुकाट्यानें बसून होते. एका दलालानें त्यांना आमच्याहून अधिक रक्कम देऊं केली आहे. ती गिटार म्हणे कोणाच्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगली जाणार. तें त्यांना नको आहे. चहा झाल्यावर ते म्हणाले, "सर, किंमतीचं आपण पाहूं. पण हिला रोज वाजवणार कोण?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. कारण उत्तर आमच्या कार्यालयांतील कांचेच्या कपाटांत आहे. एका उदार माजी विद्यार्थ्यांनीं दिलेलीं दोन उत्तम व्हायोलिनें त्या कपाटांत होतीं. मुलांच्या हातून मोडतील म्हणून तीं कुलुपांत, आणि किल्ली हेडक्लार्कांच्या खणांत. गेल्या वर्षीं नाताळच्या गायनासाठीं कपाट उघडलें तेव्हां एकाची घोडी पडलेली, दुसऱ्याच्या तारा तुटलेल्या, आणि गजाचे केस किड्यांनीं खाल्लेले. कोणा मुलानें तीं मोडलीं नाहींत. शुभवर्तमानांतील ज्या चाकरानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवलें त्याची गोष्ट आम्ही दरवर्षीं मुलांस शिकवितों, आणि आमचें कपाट आम्हांस दिसत नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे. ही गिटार घ्यावी, पण ती शाळेंत ठेवूं नये. जो मुलगा किंवा मुलगी शिकत असेल तिनें ती आठवड्यापुरती घरीं न्यावी, पालकांनीं वहींत सही करावी, सोमवारीं परत आणावी, मग दुसऱ्यानें न्यावी. हें ऐकून मंडळांत हंशा पिकला. दीड लाखांची वस्तु चाळीच्या खोलींत? होय, चाळीच्या खोलींत. आमचीं पुष्कळ मुलें नायगांवच्या बी.डी.डी. चाळींतलीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबई इलाख्याच्या विकास खात्यानें बांधलेल्या या बेचाळीस चाळी. एकेका कुटुंबास सुमारें १६० चौरस फुटांची खोली. आतां पुनर्विकासांत त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत आणि कित्येक कुटुंबें घर बदलण्याच्या धांदलींत आहेत. अशा घरांत ढोलकी किंवा पेटी घेऊन रात्रीं सराव करणें शेजारधर्मास सोडून होईल. परंतु ही भरीव धडाची गिटार विजेला जोडली नाहीं तर तिचा आवाज वाजविणाराच्या कानापुढें फारसा जात नाहीं. शेजारीं रात्रपाळी करून आलेले वडील झोंपलेले असतांहि मुलगी खाटेच्या कडेवर बसून घंटाभर बोटें फिरवूं शकते. कमी जागेच्या घरास इतकें सोयीचें दुसरें वाद्य आम्हांस सुचत नाहीं. मात्र ध्वनिवर्धक घरीं पाठवूं नये. खर्जाचे सूर भिंतीला जुमानीत नाहींत, आणि तीन खोल्यांपलीकडील आजीबाईंची तक्रार दुसऱ्या दिवशीं शाळेंत येईल.

पडली तर? लोकलच्या गर्दींत दाराला आपटली तर? हे प्रश्न आम्हीं स्वतःस पुष्कळदां विचारले आहेत, आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या आठवड्यांत आम्हांसहि नीट झोंप लागणार नाहीं. तरी या घाटाच्या गिटारीची मान स्क्रूनें जोडलेली असते, गोंदानें नव्हे. वाईटांत वाईट झालें तर दुसरी मान बसवितां येते. पुढील आनंदबाजाराचें उत्पन्न दुरुस्तीसाठीं निराळें ठेवावें, व झिजलेल्या पडद्यांपोटीं किंमतींत थोडी सूट मागावी. थोडीच. वृद्ध माणसाच्या अडचणीचा फायदा घेऊन घासाघीस करणें आपल्या शाळेस शोभणार नाहीं.

आणि ती घरीं पाठविण्यास मंडळ तयार नसेल, तर आम्ही आमचें मत तत्काळ फिरवितों. मग ती घेऊंच नये. वीस-पंचवीस हजारांची कोरी साधी गिटार घ्यावी, उरलेल्या पैशांत शिक्षकांचें दोन वर्षांचें मानधन द्यावें, आणि त्या गृहस्थांना आमच्यानें जमत नाहीं असें मोकळेपणानें सांगावें, म्हणजे ते दुसरी शाळा तरी शोधतील. दलालाच्या भिंतीवर ती लटकली काय आणि आमच्या कांचेंत बसली काय, तिला दोन्ही सारखेंच.

गिटारीबरोबर ते तिची कठीण पेटी, कातड्याचा पट्टा व स्वहस्तें लिहिलेली स्वरलिपीची एक वही देणार आहेत. वहीची किंमत त्यांनीं लावलेली नाहीं. मंडळाची बैठक फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारीं दुपारीं साडेतीन वाजतां संगीताच्या खोलींत भरेल. पालकांनीं अवश्य यावें. आणि ज्या विद्यार्थ्यांस किंवा विद्यार्थिनीस ती रोज वाजवावयाची आहे त्यांनीं आपलें नांव तत्पूर्वीं आमच्याकडे द्यावें. आजपर्यंत दोन नांवें आलीं आहेत, त्यांतलें एक त्या की-बोर्डवाल्या मुलीचें.